जावईबुवांची शेवटची कुपी

दिगंबर साळुंखे वारल्याला सहा वर्षं उलटून गेली होती, आणि त्याची बायको हेमांगी अजून त्याला रोज सकाळी सात वाजता भरवत होती.

दचकू नका, यात भूतबीत काही नाही. मिरजेबाहेर माळावर रसायनांची सुरक्षितता तपासणारं एक केंद्र होतं आणि त्याच्या तिसऱ्या मजल्यावर हेमांगी तंत्रज्ञ होती. दिगंबरचं या जगात जे काही उरलं होतं ते तिथेच होतं, यकृताच्या पेशींच्या रूपात. पत्त्याच्या पानाएवढी पारदर्शक पट्टी, तिच्यात केसासारख्या बारीक नळ्या, नळ्यांच्या तळाशी या पेशींचा पातळ थर आणि त्यावरून सावकाश वाहणारं गुलाबी पोषकद्रव. पेशी त्यातून खात-पीत आणि त्यातलं विष मोडून टाकत. यकृत पोटात बसून करतं तेच काम, फक्त पोटाविना. हे द्रव रोज सकाळी बदलावं लागे. पेशींना रविवार कळत नाही की दिवाळी कळत नाही. दिवाळीच्या पहाटे कामावर यायला केंद्रात एकच बाई कायम तयार असे. लोक म्हणत, "हेमाताईंचं काय, त्यांना घरी आहे तरी कोण!" आणि ते खरंच होतं. मूलबाळ नव्हतं, आईवडील गेलेले, आणि सासरची माणसं असून नसल्यासारखी.

प्राण्यांवरच्या चाचण्या कायद्याने बंद होऊन तेव्हा आठ-दहा वर्षं झाली होती. पूर्वी नवं रसायन सशाच्या डोळ्यात घालून बघत, उंदरांना पाजून बघत. ते थांबलं ते दयेपोटी, असं लोक समजतात. दया होतीच, पण नुसत्या दयेने कायदे बदलत असते तर काय हवं होतं! मुख्य अडचण अशी की उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि प्रयोगशाळेतले सगळे उंदीर एकाच साच्यातले, माणसं मात्र एकासारखी दुसरी नाही. एका पंगतीत तीच बासुंदी खाऊन नऊ जण ढेकर देतात आणि दहाव्याचं पोट धरतं. तो दहावा उंदरांत सापडत नाही. म्हणून केंद्रात आठ वेगवेगळ्या माणसांच्या पेशी ठेवल्या होत्या. कुणी मरताना यकृत दान केलेलं, पण ते दुसऱ्याला बसवण्याजोगं नव्हतं, अशी ही माणसं. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. दाता एक ते दाता आठ.

पण नाव ठेवल्याशिवाय आपल्याकडे कुणाचं काम चालतं का? कोळेकर नावाचे एक जुने तंत्रज्ञ होते, त्यांनी सगळ्यांचं बारसं करून टाकलं होतं. दाता एक म्हणजे 'सरपंच', काहीही पाजा, ढिम्म हलत नाही. दाता चार म्हणजे 'मावशी', सगळ्यांशी जमवून घेते. आणि दाता आठ म्हणजे 'जावईबुवा'. द्रव जरा गार लागलं की रुसले, जरा घाईने ओतलं की रुसले, आणि एकदा रुसले की पेशी पट्टीवरून सुटून वाहून जात. कोळेकरांच्या हातून निम्मे जावईबुवा वाया जायचे. हेमांगीच्या हातून कधी गेले नाहीत.

हेमांगी या नावावर सगळ्यांपेक्षा जास्त हसायची. कारण दिगंबर जिवंतपणी अगदी असाच होता. भाकरी तव्यावरून थेट ताटात पाहिजे, अंघोळीचं पाणी ना गार ना कढत. "तुझ्या माहेरी मला कोमट चहा दिला," हे त्याने लग्नानंतर सतरा वर्षं ऐकवलं होतं.

दाता आठ म्हणजे दिगंबर, हे केंद्रात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला नकोच होतं, तसा नियम होता.

तो ठिबक सिंचनाचं काम करायचा. एका फेब्रुवारीत बेडगच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल घसरली आणि तीन दिवसांनी डॉक्टर म्हणाले, मेंदू गेला, बाकी शरीर यंत्रावर आहे. अवयवदानाच्या कागदावर हेमांगीने सही केली. मूत्रपिंडं दोघांना बसली. यकृत मात्र बसवता येईना, तेव्हा तिथला कारकून म्हणाला, "संशोधनाला चालेल, इथल्याच केंद्रात जाईल." तिने तिथेही सही केली. त्या वेळी तिला एवढंच वाटलं, की माणूस सगळाच्या सगळा जळून जाण्यापेक्षा हे बरं.

दहाव्या दिवशी कृष्णेच्या घाटावर पिंड मांडले आणि कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. अशा वेळी गेलेल्याची काहीतरी इच्छा अडलीय असं मानतात आणि घरचं कुणीतरी पुढे होऊन मोठ्याने कबूल करतं, "तुझं अमुक मी करीन." चुलत्याने शेताचं कबूल केलं, भाच्याने कर्जाऊ मोटरीचं, कुणी कशाचं. ऊन चढलं, कावळा ढिम्म. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे उठले. तेव्हा दिगंबरची थोरली बहीण, शेवंता आक्का, सगळ्यांदेखत हेमांगीला म्हणाली, "कसा शिवंल? भावाला माझ्या अपुरा धाडलास तू. त्याचं हितंच कुटंतरी अडकलंय."

आई गेल्यावर आक्कानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिचं दुःख हेमांगीला कळत होतं. पण तिने त्या दिवशी कुणाला उत्तरही दिलं नाही आणि पिंडापुढे काही कबूलही केलं नाही. तोंडातून शब्दच फुटला नाही. त्यानंतर आक्का तिच्याशी बोलली नाही, आणि हिनेही तिचा उंबरा ओलांडला नाही.

वर्षाच्या आत केंद्राची जाहिरात आली. हेमांगी तोवर दूध संघाच्या प्रयोगशाळेत होती, फॅट आणि भेसळ तपासायची. ती इथे आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या नजरेला दाता आठचा कागद पडला. पुरुष, वय सत्तेचाळीस, निर्व्यसनी, तरुणपणी तापाच्या साध्या गोळीने कावीळ झाल्याची नोंद. खाली तारीख, दिगंबर गेला तीच. तिने कागद जागेवर ठेवला, बाहेर जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन काम सुरू केलं.

त्याच्याशी बोलणं मात्र तिला थांबवता आलं नाही. रोज सकाळी सातला कुणी आलेलं नसताना ती पट्ट्यांवर वाकून द्रव बदले आणि बारीक आवाजात सांगत राही. "घरमालकाने नळ बदलला बरं का, तुमच्या वेळचा तो गळका गेला एकदाचा." "काल पिठलं केलं, खायला कोणी नव्हतं, दोन दिवस तेच खाल्लं." पलीकडून उत्तर येत नसे. जिवंत होता तेव्हा तरी सकाळी सातला कुठे उत्तर द्यायचा!

आता यातली खरी मेख ऐका. प्रौढ यकृताच्या पेशी भांड्यात वाढत नाहीत. कातडीच्या पेशींना वळवून यकृताच्या करता येतात, पण त्या राहतात लेकरासारख्या, मोठ्या माणसाचं यकृत जे विष ओळखतं ते त्यांना ओळखू येत नाही. म्हणून दात्याच्याच पेशी हव्यात, आणि त्या मोजक्या. दिगंबरच्या यकृतापासून साठ कुप्या झाल्या होत्या, द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या. एक कुपी वितळवली की बारा पट्ट्या होतात, महिनाभर जगतात आणि संपतात. साठाच्या चाळीस झाल्या, चाळिसाच्या वीस. हेमांगी दर वेळी नोंदवहीत आकडा एकाने उतरवत होती.

अकरा उरल्या तेव्हा तिने एक खोटी नोंद केली. 'कुपी क्र. ५०, वितळवताना तडकली.' आणि ती कुपी तिसऱ्या टाकीत सगळ्यांत खालच्या कप्प्यात, जुन्या रिकाम्या नळ्यांच्या मागे सरकवून ठेवली. तिला त्या कुपीचं काही करायचं नव्हतं. ती आहे एवढंच पुरे होतं. रोज संध्याकाळी घरी जाताना ती तिसऱ्या टाकीच्या झाकणावर हात टेकवे आणि मग दिवा मालवे.

मग त्या जानेवारीत 'द्रुतशोष' आलं.

तासगावकडच्या बेदाण्याचं तुम्हाला ठाऊक असेल. द्राक्षांचे क्रेट एका द्रावणात बुडवतात, मग शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात, आणि बेदाणा व्हायला पंधरा दिवस लागतात. एका कंपनीने नवं द्रावण काढलं होतं, पाच दिवसांत बेदाणा तयार. अवकाळी पावसाच्या धाकात बसलेल्या माणसाला हे म्हणजे देव पावल्यासारखंच. फक्त बुडवायचं काम बाया करतात आणि ते उघड्या हातांनी करतात, कारण रबरी हातमोज्यांनी मणी फुटतात. द्रावण कातडीतून आत जातं का, आणि गेलं तर यकृताला काय करतं, एवढंच केंद्राला सांगायचं होतं.

कातडीच्या चाचणीत दिसलं की थोडं आत जातं. यकृताच्या चाचणीत सरपंच ढिम्म राहिले, मावशींनी जुळवून घेतलं, सातही जण ठणठणीत. नवव्या दिवशी हेमांगीने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि भिंग पुन्हा जुळवून पाहिलं. निरोगी यकृतात पेशी-पेशींच्या मधे चमकत्या रेषा दिसतात, पित्त वाहून नेणाऱ्या. जावईबुवांच्या रेषा विझल्या होत्या. बाराव्या दिवसापर्यंत द्रुतशोष पाजलेल्या सगळ्या पट्ट्यांतल्या पेशी मेल्या.

केंद्राचे प्रमुख डॉ. मुजावर चाळिशीतले, मितभाषी. त्यांनी आकडे तीनदा पाहिले. "या दात्यात ते रसायन मोडणारं एन्झाइम जवळजवळ नाहीच," ते म्हणाले. "शंभरात पाच-सहा माणसं अशी असतात. हे घराण्यात उतरतं. त्यांना कधी पत्ताही लागत नाही."

"मग आपण तसं लिहायचं ना, सर?"

"लिहायला दुसरी कुपी हवी. एकाच दात्यात दोष दिसला तर नव्या कुपीतून तो पुन्हा दिसला पाहिजे, नाहीतर तो अपुष्ट. आणि ही कुपी जावईबुवांची शेवटची होती, हेमाताई. तुमच्याच वहीत आहे."

हेमांगीने समोरची वही मिटली.

"नियम चुकीचा नाही," मुजावर म्हणाले. "एखादी कुपी नासकी निघते. असा दुसरा दाता मिळायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर हे अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक टीप म्हणून जाईल, आणि या हंगामाला परवानगी मिळेल." ते दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "एक कुपी असती तर."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. घराण्यात उतरतं, हे शब्द तिच्या डोक्यातून जाईनात. तापाच्या त्या गोळीने एका दिगंबरलाच कावीळ झाली नव्हती. त्याच साथीत, त्याच गोळीने, त्याच्या आक्कालाही झाली होती. दोघं भावंडं महिनाभर उसाचा रस पीत पडली होती, ही गोष्ट दिगंबरने तिला पन्नास वेळा सांगितली होती. आणि आक्का तासगावच्या पुढे, स्वतःच्या बेदाण्याच्या शेडवर, गेली वीस वर्षं उघड्या हातांनी क्रेट बुडवत होती.

तिने सुट्टी टाकली आणि एसटीने गेली.

आक्का शेडच्या दारात होती. सहा वर्षांत वाळली होती, पण आवाज तोच. "कोण, हेमा? वाट चुकलीस व्हय?"

"आक्का, एक सांगायला आले. ते नवीन द्रावण वापरू नका. तुमच्या यकृताला ते सोसायचं नाही."

आक्काच्या मागे निळे कॅन रांगेने उभे होते. कंपनीने परवानगीची वाट न बघता नमुना म्हणून दिलेले. एक कॅन फोडलेला होता, टाकी भरलेली होती, आणि आक्काचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओले होते.

"कुणी सांगितलं सोसायचं न्हाई?"

"आम्ही तपासलं."

"कागद दाव."

कागद नव्हता. शेवटच्या पानावरची टीप कागद होत नाही. हेमांगीने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, एन्झाइम, तापाची गोळी, कावीळ. आक्काने ऐकून घेतलं आणि पदराला हात पुसले.

"आमचा समदा माल गेल्या साली पावसात काळा पडला. पाच दिसांत बेदाणा हुतोय तर मी न्हाई म्हनू? तुझ्या तोंडाकडं बघून? अगं, तवा कागदावर सही करताना मला इचारलं न्हाईस, आन आता माझ्या कळवळ्यानं आलीस." ती आत वळली. पाण्यालाही विचारलं नाही.

परतीच्या गाडीत हेमांगी खिडकीशी बसून रडली. आक्काच्या बोलण्याचं नव्हतं ते रडणं. कागद होऊ शकतो हे तिला ठाऊक होतं, आणि कशाने होतो हेही. ती कुपी दिली की नोकरी जाणार, ते परवडलं. पण मग टाकीच्या झाकणावर हात ठेवायला काय उरणार? घरी दोन खोल्या, एक फोटो, आणि फोटोतला माणूस जेवत नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती मुजावरांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. खोटी नोंद, कुपी, आणि दाता आठ कोण तेही.

मुजावरांचा पहिला प्रश्न होता, "कोणत्या टाकीत?"

"तिसऱ्या. खालच्या कप्प्यात."

"तापमान कधी तुटलं?"

"एकदाही नाही. टाकीचा आलेख बघा."

मग त्यांनी चष्मा काढला आणि त्यांचा आवाज चढला. तो कधी चढत नसे. "साठ कुप्यांची नोंद तुमच्या हातची आहे! एक खोटी निघाली तर एकोणसाठांवर कोण विश्वास ठेवणार? प्राण्यांच्या चाचण्या बंद करून लोक आपल्या वह्यांवर जीव सोपवून बसतात, हेमाताई. आपल्याकडे दुसरं आहेच काय दाखवायला? ही वहीच तर आहे!"

"हो सर," ती म्हणाली. तिच्याकडे सबब नव्हती आणि तिने दिलीही नाही.

मुजावरांनी चष्मा पुसला. "मला वर कळवावं लागेल. हा प्रयोग झाला की तुम्ही घरी, चौकशी होईल. कुपी त्याच दात्याची आहे हे जनुकांवरून सिद्ध करून घेऊ. खरं तर तुम्ही तिला हातसुद्धा लावता कामा नये."

"कोळेकरांच्या हातून तो जगणार नाही, सर."

त्यांनी 'तो' ऐकलं आणि सोडून दिलं. "जगणार नाही, ठाऊक आहे. कुपी एकच आहे. म्हणून वितळवाल तुम्ही, कॅमेऱ्यासमोर. बाटल्यांवर नुसते आकडे असतील. कोणत्या सहांत द्रुतशोष आहे आणि कोणत्या सहांत साधं द्रव, हे मला एकट्याला माहीत असेल. तुम्ही बारांनाही सारखंच भरवायचं. जमेल?"

"जमेल," ती म्हणाली.

कुपी सदतीस अंशांच्या पाण्यात धरायची. वहीत दोन मिनिटं लिहिलेली असतात. हेमांगी वहीकडे बघत नसे, आतला बर्फाचा खडा मुगाएवढा उरला की बाहेर काढी. त्या दिवशीही तिने तेच केलं. मग थेंब थेंब कोमट द्रव, ना गार ना कढत. संध्याकाळपर्यंत बाराही पट्ट्यांवर जावईबुवा न रुसता बसले होते. मागे उभे असलेले कोळेकर पुटपुटले, "मानलं बुवा!" त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं.

चौथ्या दिवसापासून आकडे लिहिलेल्या बाटल्या सुरू झाल्या. रोज सकाळी सातला ती बारा पट्ट्यांना भरवायची, सहांना अन्न, सहांना विष, आणि कोणतं कुठे ते तिला माहीत नाही. कॅमेरा चालू असल्यामुळे बोलताही येत नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती त्याच्यापाशी मुकी बसली. पोरकं वाटणं म्हणजे काय ते तिला घाटावर कळलं नव्हतं, ते त्या दिवसांत कळलं.

दहाव्या दिवशी तिसऱ्या पट्टीतल्या रेषा मंदावल्या. मग पाचव्या, मग सातव्या. आता कुणी सांगायची गरज नव्हती, सहा कोणत्या ते तिला उघड दिसत होतं. तरी बाटलीवरचा आकडा बघून बाटली उचलायची आणि ओतायची. एकदा तिचा हात अडला. सातव्या पट्टीत अजून चार रेषा जिवंत होत्या. एक दिवस ओतलं नाही तर? तिला आक्काचे ओले हात आठवले, कोपरापर्यंत ओले. तिने ओतलं.

चौदाव्या दिवशी मुजावरांनी बाटल्यांच्या आकड्यांचा बंद लिफाफा फोडला. सहा मेल्या होत्या, सहा ठणठणीत होत्या, आणि मेलेल्या सहा द्रुतशोषाच्याच होत्या. दोष पक्का ठरला.

"एक काम उरलंय," मुजावर म्हणाले आणि जमिनीकडे बघू लागले. तुलनेच्या सहा निरोगी पट्ट्याही रंगवून मोजाव्या लागतात, आणि रंगवायच्या तर त्यांचं जगणं थांबवावं लागतं. "कोळेकर करतील. तुम्ही बाहेर बसा."

"नको सर, मीच करते. फक्त पाच मिनिटं तो कॅमेरा बंद करा."

असं करणं नियमात बसत नव्हतं. मुजावरांनी स्वतः जाऊन कॅमेरा बंद केला आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

सहा पट्ट्या समोर होत्या. दिगंबर साळुंखे, वजन काही मिलिग्रॅम, तब्येत उत्तम. तिने खिडकीकडे पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सीलबंद काचेशी कावळा कशाला येतोय! पण घाटावर जे तोंडातून फुटलं नव्हतं ते आता फुटलं. तिने हात जोडले आणि घरच्या माणसाने म्हणायचं तसं, स्पष्ट, मोठ्याने म्हणाली, "आक्काकडे मी बघीन. तुम्ही काळजी करू नका. जा आता."

आणि तिने एकेका पट्टीत औषध सोडलं. शेवटच्या पट्टीतल्या रेषा विझेपर्यंत ती सूक्ष्मदर्शकावरून उठली नाही.

मुजावरांनी अहवालात खोट्या नोंदीची सगळी हकिकत पहिल्याच पानावर लिहिली, काही न झाकता. तरीही तो टिकला, कारण कुपीची जनुकं जुळली होती, टाकीचा आलेख सलग होता आणि बाटल्यांचे आकडे लिफाफ्यात बंद होते. परवानगी हंगामापुरती थांबली. हेमांगी घरी बसली. पहिल्या सकाळी साडेपाचला जाग आली, तिने अंघोळ केली, चप्पल घातली आणि दारात गेल्यावर तिला आठवलं की कुणाला भरवायचं नाही. ती तशीच चपलांत पायरीवर बसून राहिली. मग आत जाऊन अहवालाची प्रत पिशवीत घातली आणि स्टँडवर गेली.

आक्काने चाळशी लावून कागद वाचला. मराठीतच होता. निम्म्यात बोट थांबलं. "आठवा दाता. ह्यो आठवा कोन?"

हेमांगीने सांगितलं. कारकून, साठ कुप्या, सरपंच, मावशी आणि जावईबुवा. कोमट पाणी. लपवलेली कुपी. आक्का ऐकत होती, मधे एकदा 'जावईबुवा' या शब्दावर तिला हसू आलं आणि डोळ्यांना पदर गेला.

"म्हंजे मी घाटावर म्हनलं त्ये खरंच हुतं," ती म्हणाली. "हितंच हुता."

"हो आक्का."

"आन आता?"

"आता नाही. सगळा गेला."

आक्काने निळ्या कॅनांकडे पाहिलं. "माझ्यापायी गेला," ती म्हणाली. मग विचारलं, "इतकी वर्सं त्याला भरवायचं कोन?"

"मीच. रोज सकाळी सातला."

"आन तुला?"

हेमांगी पिशवीचा बंद चाळवत राहिली. आक्का उठली, शेडबाहेरच्या नळावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात दोनदा धुतले आणि आत येऊन परातीत पीठ घेतलं.